कातरवेळ, तीन मुलं आणि एक फ्लॅश

सूर्य मावळून चार मिनिटं झाली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीन मुलं दिसत होती, पण कागदातून कापून काळ्या फळ्यावर चिकटवल्यासारखी. चेहरे पांढरेफटक, मागची झाडं गायब, आभाळ शाईसारखं. मी मान वर करून पाहिलं तर समोर क्षितिजावर केशरी पट्टा होता, त्याच्या वर फिकट गुलाबी आणि त्याच्याही वर निळा रंग गडद होत चालला होता. हे सगळं माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि माझ्या फोटोत त्यातलं काहीही नव्हतं.

त्या संध्याकाळी पुढच्या वीस मिनिटांत मी काय काय बदललं, ते क्रमानं लिहिते आहे. एकेक चूक सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. पण मी एक चूक सुधारायला गेले आणि तिथूनच दुसरी निघाली, म्हणून सगळं एकत्र सांगणं गरजेचं वाटतं.

काम काय होतं

तीन भावंडं. थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा, धाकटी चारची. त्यांच्या आईनं आधीच सांगितलं होतं, "ताई, नीट बसवून काढलेले फोटो आमच्याकडे ढीगभर आहेत. मला संध्याकाळी खेळताना हवेत. ती वेळ दिसली पाहिजे." सोबत मुलांचा मामा आला होता, मदतीला. जागा म्हणजे एक मोकळं मैदान, एका कडेला दाट झाडांची रांग आणि पश्चिमेला माणसाच्या कमरेइतकं उंच गवताळ टेकाड.

सूर्यास्ताआधीचा अर्धा तास सोपा गेला. तिरप्या उन्हात मुलं पळत होती आणि फ्लॅश पिशवीतच होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरा प्रश्न सूर्य टेकल्यावर सुरू झाला. आभाळ निरभ्र असेल तर सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर साधारण ४०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की नागरी संधिप्रकाश संपतो, तेव्हा जेमतेम ३ ते ४ लक्स उरतात. म्हणजे जवळजवळ सात स्टॉपची घसरण (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत हा सगळा उतार बावीस-पंचवीस मिनिटांत पार होतो, ध्रुवांकडे सरकावं तसा तो लांबत जातो. मी होते तिथे सरासरी दर साडेतीन मिनिटांना उजेड निम्मा होत होता. फ्लॅशची जुळवाजुळव करण्यात पाच मिनिटं घालवली, तर जुळवलेलं सगळं तोवर शिळं होतं. हे मला माहीत होतं, तरी हात सवयीनंच चालले.

पहिल्या नऊ फ्रेम

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर, टीटीएलवर, म्हणजे ताकद कॅमेऱ्यानंच मोजून ठरवायची. लेन्स ८५ मिमी, लांबचं जवळ आणणारी, मी मुलांपासून सहा मीटरवर. शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/५.६, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता २००. हे आकडे दुपारच्या एका कामातले तसेच राहिलेले होते.

फ्लॅश लावून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकावर एक घेतलेले दोन फोटो असतात. एक आजूबाजूच्या उजेडाचा, दुसरा फ्लॅशचा. पहिला शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या तिघांवर ठरतो. दुसरा अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि फ्लॅशपासून मुलापर्यंतचं अंतर यांवर ठरतो. शटर सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या, आत असेल तर फ्लॅशच्या फोटोशी त्याचा संबंध जवळजवळ नसतो, कारण फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात येऊन संपतो आणि शटर त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडं असतं.

माझ्या आकड्यांनी पहिला फोटो पुसूनच टाकला होता. आभाळ दोनेक स्टॉप काळं आणि झाडं त्याहून काळी. मग उरला फक्त फ्लॅशचा फोटो, आणि तोही बिघडलेला. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक बारीक झोत सोडतो, त्यातला किती परत आला हे कॅमेरा मोजतो आणि त्यावरून मुख्य झोताची ताकद ठरवतो. मुलांच्या मागे मोकळं मैदान असेल तर तिथून काहीच परत येत नाही. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी पडतोय, तो ताकद वाढवतो आणि चेहरे जळतात. थोरलीचा झगा गडद निळा होता, धाकटीचा पांढरा. फ्रेममध्ये कोण पुढे आहे त्यानुसार उजेड दर फोटोत वेगळा येत होता. नऊ फ्रेममध्ये नऊ तऱ्हा.

शिवाय मधल्याचे आणि धाकटीचे डोळे लाल. संधिप्रकाशात बाहुल्या रुंद झालेल्या असतात, लहान मुलांच्या तर जास्तच. फ्लॅश लेन्सच्या जवळ असला की झोत सरळ डोळ्यात शिरतो, मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परततो आणि लेन्समध्ये येतो. छायाचित्रकार लांब उभा राहिला तर हे कमी होईल असं वाटतं, पण होतं उलट. अंतर वाढलं की फ्लॅश आणि लेन्स यांच्यातला कोन लहान होतो, आणि लालसरपणा वाढतो. सहा मीटरवरून ८५ मिमीनं मी नेमकं तेच केलं होतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण मुलांचे फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही डोळे लाल दिसणं साधं आहे. पण एक डोळा लाल आणि दुसऱ्यात पांढरट चमक, असं वेगवेगळ्या फोटोंत वारंवार दिसत असेल तर मुलाला विनाविलंब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. पुष्कळदा ते झोताच्या कोनामुळे झालेलं निघतं, पण डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, लहान वयातला मोतीबिंदू अशा आजारांची पहिली खूण कित्येकदा घरच्या फोटोतच सापडते. म्हणून लाल डोळे पुसून टाकण्याआधी मी प्रत्येक जोडी नीट पाहते.

दुसरी चूक पहिलीतूनच आली

आभाळ काळं आलं तर शटर मंद करायचं, हे उत्तर पाठ असतं. मीही तेच केलं. १/१५, एफ/४, आयएसओ ४००, आणि फ्लॅश रिअर-कर्टनवर, म्हणजे शटर मिटण्याच्या अगदी आधी उडणारा. हलत्या गोष्टीची पुसट रेघ तिच्या मागे राहावी म्हणून ही सोय असते.

आभाळ आलं, झाडंही आली. आणि मुलं भुतासारखी झाली. धारदार चेहरा आणि त्याच्याभोवती दुसरा पुसट चेहरा. कारण सरळ आहे. सूर्यास्तानंतरच्या सहाव्या मिनिटाला या आकड्यांवर मैदानातला उजेडच मुलांना जवळपास पुरेसा उजळत होता. फ्लॅशनं त्यांना एका क्षणी पकडलं खरं, पण बाकीचा सगळा वेळ संध्याकाळचा उजेडही त्यांना टिपत राहिला. सेकंदाला तीन मीटर वेगानं पळणारं पोर १/१५ सेकंदात वीस सेंटीमीटर पुढे जातं. फ्लॅश हालचाल गोठवतो, असं आपण सहज म्हणतो. ते खरं ठरण्यासाठी त्या मुलावर दुसरा उजेड निदान दोन-तीन स्टॉपनी कमी पडावा लागतो.

अकरा फ्रेम अशा गेल्या. त्यांपैकी आठमध्ये धाकटीचे डोळे मिटलेले. पहिल्या नऊमध्ये ते दोनदाच मिटले होते. तेव्हा मला वाटलं, पोर कंटाळलं. घरी आल्यावर विचार केला तेव्हा खरं कारण कळलं, आणि त्याचं अपश्रेय तिला दिलं याचं वाईट वाटलं. टीटीएलचा मोजणीचा झोत शटर उघडण्याआधी उडतो. डोळ्यावर अचानक उजेड पडला की साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात पापणी मिटू लागते. एरवी मुख्य झोत इतक्या लगेच येतो की बहुतेकांचे डोळे अजून उघडे असतात. मी रिअर-कर्टन लावून मुख्य झोत १/१५ सेकंद पुढे ढकलला होता. चपळ पापण्यांच्या चार वर्षांच्या मुलीला मी डोळे मिटायला पुरेपूर वेळ दिला, आणि मग फोटो काढला.

खाली बसल्यावर

सूर्यास्तानंतर दहा मिनिटं झाली होती. दोघी मुली पाणी प्यायला आईकडे गेल्या. मी गवतात बसले, खरं तर पाय दुखत होते म्हणून. बसल्यावर दिसलं की टेकाडावर एकटा उभा राहिलेला मधला पूर्णपणे आभाळात आहे. त्याच्यामागे झाडं नाहीत, मैदान नाही, डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत नुसतं पश्चिमेचं आभाळ.

माझी अडचण फ्लॅशमध्ये नव्हतीच. मी मुलांना चुकीच्या गोष्टीसमोर उभं केलं होतं. मैदान आणि झाडं मुलांइतकीच अंधारात होती. त्यांना दिसण्याइतकं उजळायचं तर मुलंही तितकीच उजळणार आणि हलली की पुसट होणार. पश्चिमेचं आभाळ मात्र सूर्य गेल्यावरही बराच वेळ जमिनीपेक्षा तीनेक स्टॉप उजळ राहतं. त्या आभाळासाठी शटर लावलं तर मुलं आपोआप तीन स्टॉप काळी पडतात, आणि काळ्या पडलेल्या मुलांवर फक्त फ्लॅशचा फोटो उमटतो. पुसटपणाला जागाच राहत नाही.

८५ काढून रुंद दृश्य घेणारी ३५ मिमी लावली. फ्लॅश बंद ठेवून फक्त आभाळासाठी एक फ्रेम घेतली. एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४००. मुलगा काळी सावली, आभाळ डोळ्यांना दिसत होतं त्याहून किंचित गडद. मला तसंच हवं होतं. पुढचा सगळा वेळ या फ्रेमवर ठरला. संध्याकाळ आधी कॅमेऱ्यात पक्की करायची आणि फ्लॅशनं तिच्यावर फक्त चेहरे ठेवायचे, हा क्रम त्या दिवसापासून मी सोडलेला नाही.

एफ/२.८ म्हणजे मोठं छिद्र आणि फोकसमध्ये कमी जागा, हे ऐकून कुणी बिचकेल, म्हणून सांगते. ३५ मिमीवर चार मीटरवरच्या मुलासाठी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात पुढेमागे मिळून दोन मीटरहून थोडी जास्त जागा फोकसमध्ये राहते. ८५ मिमीवर पाच मीटरवरून हीच जागा साठ सेंटीमीटरच्या आत आली असती. पळणाऱ्या पोरांसाठी हा फरक फार मोठा आहे.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, साठ सेंटीमीटरच्या सॉफ्टबॉक्समध्ये, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीत, बसवला आणि मामाच्या हातात दिला. स्टँड वापरला नाही. संध्याकाळच्या वाऱ्यात सॉफ्टबॉक्स शिडासारखा वागतो आणि खाली मुलं असतात. वाळूची पिशवी नसेल आणि धरायला माणूस नसेल, तर मी सॉफ्टबॉक्स उघडतच नाही.

टीटीएल बंद, फ्लॅश मॅन्युअलवर म्हणजे ताकद मी ठरवलेली, पूर्ण ताकदीच्या १/३२, अंतर अडीच मीटर. फ्लॅशच्या तोंडावर अर्ध्या ताकदीचं नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी. पहिलीच फ्रेम बघून आई म्हणाली, "अहो, हीच तर संध्याकाळ!" मला मात्र त्यात थोरलीची सावली धाकटीच्या तोंडावर पडलेली दिसत होती.

धाकटीच्या पापण्या

मॅन्युअलवर मोजणीचा झोत नसतो. एकच झोत, आणि तो शटर उघडं असतानाच. पापणी मिटते ती फोटो झाल्यावर. म्हणजे धाकटीचा प्रश्न तिथेच संपायला हवा होता. संपला नाही. मागच्या वीस झोतांनी तिला शिकवून ठेवलं होतं की ही बाई कॅमेरा डोळ्याला लावते आणि मग डोळ्यांवर काहीतरी येतं. आता ती आधीच डोळे घट्ट मिटून उभी राहत होती. पुढच्या दोन फ्रेममध्ये तर तिनं हातांनीच डोळे झाकले.

तेव्हा आईनं हळूच विचारलं, "डोळ्यांना काही होणार नाही ना?" हा प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकू नये. मी सांगितलं ते असं. या आकाराचा फ्लॅश या अंतरावरून निरोगी डोळ्याला इजा करत नाही. पण अंधारात बाहुल्या मोठ्या असल्यानं क्षणभर दिपतं, डोळ्यांसमोर डाग नाचतो, आणि लहान मुलाला त्याची भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. उघडा फ्लॅश मी कधीच मुलाच्या तोंडाजवळ आणत नाही. आणि उजेडाच्या लखलखाटानं कुणाला झटके येतात का, हे कामाआधी विचारून घेते. या घरी ते विचारलेलं होतं.

मग कॅमेरा खाली ठेवला. उजेड पळत होता, दर मिनिट मोलाचं होतं, तरी ठेवला. फ्लॅश दुरून उडवणाऱ्या ट्रिगरवर चाचणीचं एक बटण असतं, ते दाबलं की फोटो न काढताच फ्लॅश उडतो. ट्रिगर धाकटीच्या हातात दिला आणि मामाला सॉफ्टबॉक्स झाडांकडे वळवायला सांगितला. म्हटलं, "दाब बरं, झाड कसं जागं होतं बघ." तिनं दाबलं. झाडाचं खोड क्षणभर उजळलं. पुन्हा दाबलं. मग थोरलीच्या पाठीवर, मामाच्या चपलांवर. सात-आठ वेळा तिनंच वीज पाडली. त्या खेळात दोन मिनिटं गेली, म्हणजे अर्ध्याहून जास्त स्टॉप. पण त्यानंतर ती फ्लॅशला घाबरली नाही, कारण तो आता तिचा होता.

आणखी दोन बदल केले. सॉफ्टबॉक्स तिच्या नजरेसमोरून काढून एका बाजूला, डोक्याच्या थोडा वर नेला. म्हणजे ती माझ्याकडे पाहत असताना झोत तिच्या बाहुलीत सरळ जात नव्हता, त्यामुळे लाल डोळ्यांचा प्रश्नही सुटला. आणि मी "एक, दोन, तीन" म्हणणं बंद केलं. मोजलं की मुलं तीनवर डोळे मिटून घेतात, मोठी माणसंही घेतात.

मामा आणि साडेतीन मीटर

मॅन्युअल फ्लॅशला अंतर बदललेलं कळत नाही. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट, हा नियम कागदावर सगळ्यांना येतो. मैदानात तो पोरांच्या पावलांनी येतो. अडीच मीटरवर ठेवलेल्या फ्लॅशकडे मधल्यानं एक ढांग टाकली, साधारण सत्तर सेंटीमीटरची, की त्याच्यावरचा उजेड जवळजवळ एक स्टॉप वाढत होता. त्यात मामाचा स्वभाव प्रेमळ. मुलं हसली की तोही नकळत दोन पावलं पुढे सरकायचा.

त्याला मागे नेलं, साडेतीन मीटरवर. त्यासाठी ताकद १/३२ वरून १/१६ केली. आता त्याच एका ढांगेनं फरक पडत होता साधारण दोन-तृतीयांश स्टॉप. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, तेवढं सहज सावरता येतं. याची किंमतही आहे. सॉफ्टबॉक्स लांब गेला की मुलाच्या मानानं तो लहान होतो आणि सावल्यांच्या कडा कठीण होतात. बसवून काढलेल्या एकट्या चेहऱ्यासाठी मी फ्लॅश जवळ आणला असता. पळणाऱ्या तिघांसाठी सारखा उजेड मला मऊ उजेडापेक्षा महत्त्वाचा वाटला. या दोन्हींपैकी एकच मिळतं, आणि काय सोडायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

मामाला दोनच सूचना दिल्या. मुलं आडवी पळाली तर त्यांच्यासोबत आडवं चालायचं, आणि माझ्याकडे धावत आली तर त्यानंही त्यांच्यासोबत मागे सरकायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत तो तरबेज झाला. थोरलीची सावली धाकटीवर पडत होती, ती सॉफ्टबॉक्स आणखी हातभर उंच धरल्यावर आणि तो माझ्या बाजूला आणल्यावर सुटली. तिघं वेगवेगळ्या खोलीवर उभी असतील तर फ्लॅश एका टोकाला ठेवणं म्हणजे एकाला उजळून दुसऱ्याला अंधारात टाकणं.

उजेड उतरत असताना

आता सगळं बसलं होतं आणि आभाळ विझत होतं. इथे फ्लॅशचा एक मोठा फायदा मिळतो. शटर १/१२५ वरून १/६० केलं तर आभाळ एक स्टॉप वर येतं आणि चेहऱ्यांवरचा फ्लॅश तसाच राहतो. मामाला काही सांगावं लागत नाही, फ्लॅशला हात लावावा लागत नाही. पंधराव्या मिनिटाला मी तेच केलं.

सतराव्या मिनिटाला एक फ्रेम मोठी करून पाहिली आणि थबकले. मधला टेकाडावरून उडी मारत होता. चेहरा स्वच्छ, शर्ट स्वच्छ, पण पुढे झेपावलेल्या टाचेच्या कडेतून आभाळ दिसत होतं. मूल अंधारात असलं की त्याचं स्वतःचं भूत उमटत नाही, हे मी वर लिहिलं. पण मागे उजळ आभाळ असेल तर ते स्वतः उमटतंच. फ्लॅश उडाला त्या क्षणी पाय जिथे होता, ती जागा शटर उघडं असण्याच्या उरलेल्या वेळात रिकामी झाली आणि तिथे आभाळ भरलं. १/१२५ ला ही सरक अडीच सेंटीमीटरच्या आत राहते, १/६० ला पाच होते. केसांच्या कडांवर तर हे आणखी लवकर दिसतं, टोकं आभाळानं कुरतडल्यासारखी होतात.

म्हणून १/६० च्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं. त्यापुढे आयएसओ. एकोणिसाव्या मिनिटाला ८००, बाविसाव्याला १६००. आयएसओ मात्र दोन्ही फोटोंना वाढवतो, आभाळालाही आणि फ्लॅशलाही. त्यामुळे आयएसओ दुप्पट केला की फ्लॅशची ताकद निम्मी करायची. १/१६, मग १/३२, मग १/६४. यात भर अशी की ताकद कमी झाली की फ्लॅश लगेच पुन्हा भरतो. शेवटच्या पाच मिनिटांत मी सलग चार-चार फ्रेम घेऊ शकले, पूर्ण ताकदीवर असते तर प्रत्येक फ्रेमनंतर काही सेकंद थांबावं लागलं असतं.

फोकस हा त्या वेळचा वेगळा छळ होता. काळ्या चेहऱ्यात कॅमेऱ्याला डोळे सापडेनात. मामाच्या दुसऱ्या हातात एक छोटी एलईडी बॅटरी दिली, मंद करून, मुलांच्या छातीवर रोखलेली. तेवढ्यावर फोकस धरू लागला. ती इतकी मंद होती की फोटोत दिसली नाही. एकदा बॅटरीचा झोत तोंडाकडे गेला तेव्हा तिघंही तिच्याकडेच पाहू लागली, म्हणून छातीवर हे लक्षात ठेवायचं.

चोविसाव्या मिनिटाला आभाळात फक्त गडद निळा उरला. आई म्हणाली, "दिवेलागण झाली, चला." मीही कॅमेरा बंद केला.

नंतर संगणकावर

जेलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फोटो चिकटवल्यासारखा दिसण्यामागे रंगाचा वाटा उजेडाइतकाच असतो. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा असतो, ५५०० केल्विनच्या आसपास (आकडा जितका कमी तितका रंग उबदार). केशरी क्षितिजासमोर तो चेहऱ्यावर निळसर-पांढरा आणि परका दिसतो. क्षितिजावर केशरी आणि चेहऱ्यावर दुपार, असं डोळ्यानं कधी पाहिलेलं नसतं, म्हणून पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खटकतं. अर्ध्या नारिंगी जेलनं फ्लॅश ३८०० केल्विनच्या जवळ आला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोत पांढरा मानायचा रंग, मी ४५०० वर धरला. त्यामुळे चेहरे किंचित उबदार राहिले आणि वरचं निळं आभाळ थोडं अधिक निळं झालं. जेल साधारण अर्धा स्टॉप उजेड खातं. मी तो मुद्दाम भरून काढला नाही. संध्याकाळी चेहरे दुपारसारखे उजळ असूच नयेत, असं माझं मत आहे. फ्लॅश दिसला की ती वेळ मेली.

शेवटच्या फ्रेममध्ये एक जेलची चूक राहिली. विसाव्या मिनिटानंतर क्षितिजावरचा केशरी जवळजवळ गेला होता, सगळं आभाळ निळं होतं, आणि चेहऱ्यांवर मात्र मावळतीचा रंग तसाच. तिथे पाव ताकदीचं जेल लावायला हवं होतं. बदलायला दहा सेकंद लागले असते. संगणकावर चेहऱ्यांची उबदारी वेगळी निवडून कमी करावी लागली, आणि तरी दोन फ्रेममध्ये ती खटकतेच.

पहिल्या वीस फ्रेमपैकी एकही दिली नाही. बाकीच्यांतून निवडताना कुरतडलेल्या कडा होत्या त्या शक्य तिथे नीट केल्या, नाही तर फ्रेम बाद केली. मधल्याच्या उडीची फ्रेम मी बाद केलेल्यांत टाकली होती. आई फोटो पाहायला आली तेव्हा तोही सोबत होता. बाद केलेल्यांच्या रांगेत त्यानं ती नेमकी शोधली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"मावशी, माझ्या पायातून आभाळ दिसतंय!"

मी म्हटलं, ते चुकून झालंय, नीट करून देते. त्यानं जोरजोरात मान हलवली. ती फ्रेम जशी होती तशीच मोठी छापून दिली, टाचेतल्या आभाळासकट.